पंपिंग ३० होतं, तरी व्हॉल्व्ह बदलला

आमच्या नात्यातल्या एका पाहुण्यांना एओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हार्टमधनं शरीराकडं रक्त सोडणारी झडप, बदलायला सांगितलाय, त्यांचं पंपिंग ३५ आलंय, आणि घरात सगळ्यांचं एकच चाललंय की हार्टच एवढं वीक आहे तर छाती फाडून घ्यायची कशाला, गोळ्यांवर निघेल तेवढं निघेल. फोनवर सांगून सांगून दमलो, म्हणून आता सगळं लिहूनच काढतो. माझं पंपिंग ३० होतं. मलाही हेच ऐकवलं होतं, आणि ऐकवणारे घरचे नव्हते, डॉक्टर होते.

मी कराडचा, पतसंस्थेत नोकरी, हे झालं तेव्हा वय ५६. शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही, चहा किती प्यायचो ते विचारू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी सदाशिवगड चढायची सवय होती, तिथं आधी मधेच बसायला लागलो, मग अर्ध्यातून परत यायला लागलो, मग जायचंच बंद झालं. त्यानंतर रात्री आडवं झालं की खोकला यायचा. एक उशी, दोन उशा, शेवटी भिंतीला टेकून झोप. संध्याकाळी मोज्यांचे वळ पायावर उमटायचे. बायको म्हणाली, अहो हे काय साधं नाही, आणि हाताला धरून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढेचनात. म्हणाले आवाज येतोय, टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करून घ्या.

इकोच्या रिपोर्टात बरंच होतं. बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे या झडपेला तीन पाकळ्या असतात तिथं मला जन्मापासून दोनच. शंभरात एखाद-दुसऱ्याला असं असतं आणि बहुतेकांना पन्नाशी येईपर्यंत पत्ता नसतो. दोन पाकळ्यांवर ताण जास्त पडतो, त्यात कॅल्शियम बसत जातं आणि त्या कडक होतात. झडप उघडल्यावर नॉर्मल माणसात ३ ते ४ चौरस सेंटीमीटर जागा होते, १ च्या खाली गेलं की सिव्हिअर म्हणतात, माझी ०.७ होती. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात एलव्हीइएफ, म्हणजे पंपिंग, ३० टक्के.

हे पंपिंग म्हणजे नक्की काय ते आधी सांगतो कारण निम्मी भीती तिथंच आहे. पंपिंग शंभर टक्के कुणाचंच नसतं. हार्टचा डावा कप्पा भरला की प्रत्येक ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर पडतं तो टक्का, आणि चांगल्या धडधाकट माणसाचाही तो ५५ ते ६५-७० च्या आसपासच असतो. समजा कप्प्यात १२० मिली रक्त भरतं आणि ७० मिली बाहेर जातं, झाले साधारण ५८ टक्के. आता माझ्यासारख्याचा कप्पा फुगून २०० मिलीचा झाला आणि त्यातनं ६० मिली बाहेर पडलं तर टक्का ३०. म्हणजे बाहेर जाणारं रक्त निम्मं झालं असं नाही, कप्पा मोठा करून शरीरानं कसंबसं भागवलेलं असतं. हे मला फार उशिरा समजलं, तोपर्यंत मी ३० म्हणजे पेपरात नापास असंच धरून बसलो होतो.

पहिल्या हार्टवाल्या डॉक्टरांनी (नाव नको, गाव पण नको) रिपोर्ट बघून सांगितलं की झडपेवरचा ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या प्रेशरमधला फरक, फक्त २८ आहे. सिव्हिअर म्हणायला ४० च्या वर लागतो. तेव्हा झडप एवढी खराब नसावी, मूळ दुखणं हार्टच्या मसलचं आहे, आणि एवढ्या कमी पंपिंगला ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्या घ्या, मीठ कमी करा. घरचे सुटलोच म्हणाले. ऑपरेशन टळलं याचा आनंद होता सगळ्यांना. गोळ्यांनी पायाची सूज उतरली, लघवी भरपूर व्हायला लागली, मलाही वाटलं बरं चाललंय.

पोरगी पुण्याला असते, तिचं शिक्षण सायन्सचं, ती कुठलीही गोष्ट मुळापासून वाचते. तिनं रिपोर्ट मागवून घेतला आणि दोन दिवस फोनच नाही. मग एकदम घरी आली. म्हणाली पप्पा, तुमचा ग्रेडियंट कमी आहे तो झडप चांगली आहे म्हणून नसेल, पंपच जोर लावत नाही म्हणून पण कमी येऊ शकतो. मला पटकन समजलं कारण आमची शेती आहे. विहिरीवरची मोटर धडधाकट असेल आणि पुढचा कॉक पाऊण बंद केला तर पाईपात प्रेशर चढतं, पण मोटरच मेटाकुटीला आली असेल तर त्याच बंद कॉकवर प्रेशर कमी दिसणार, आणि ते बघून कुणी कॉक उघडाच आहे म्हणालं तर काय बोलायचं.

तिनं अजून एक गोष्ट सांगितली, जी त्यावेळी तिनं सांगायला नको होती असं बायकोचं अजून म्हणणं आहे. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड या दोन अमेरिकन डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की एओर्टिक स्टेनोसिसमध्ये, म्हणजे ही झडप घट्ट व्हायच्या दुखण्यात, वर्षानुवर्षं काही होत नाही, पण एकदा त्रास सुरू झाला की घसरगुंडी असते: छातीत दुखायला लागलं तर सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊन पडायला लागला तर तीन, आणि हार्ट फेल्युअर म्हणजे दम-सूज सुरू झाली तर दोन. मी तिसऱ्या खान्यात होतो. गोळ्यांनी सूज उतरते, झडप उघडत नाही. त्या रात्री मी पतसंस्थेतली माझी कुठली कुठली कामं अर्धवट आहेत त्याची मनात यादी करत बसलो होतो, खरं सांगतो.

मग पुण्याला दुसरं मत. तिथले कार्डिऑलॉजिस्ट शांत माणूस, त्यांनी कागदावर चित्र काढून तेच सांगितलं जे पोरगीनं सांगितलं होतं, फक्त पुढची पायरीही सांगितली. म्हणाले आपल्याला दोन प्रश्नांची उत्तरं हवीत, झडप खरंच घट्ट आहे का, आणि मसलमध्ये जीव शिल्लक आहे का, त्यासाठी डोब्युटामीन स्ट्रेस इको करू. डाव्या कुशीवर झोपवतात, हातातल्या सुईतनं औषध थोडं थोडं वाढवत सोडतात, औषधानं हार्टला जोर लावायला लागतो आणि त्याचवेळी इको चालू असतो. त्रास असा काही नाही, फक्त झोपल्या जागी गड चढल्यासारखं धडधडतं आणि डोक्याला मुंग्या येतात, आणि ती मशीनवाली बाई बरगडीत प्रोब अशी दाबून धरते की तेच जास्त दुखतं.

रिझल्ट बघून डॉक्टर पहिल्यांदा हसले. औषध दिल्यावर प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त २० टक्क्यांच्या वर वाढलं, ग्रेडियंट २८ वरून ४४ ला गेला आणि झडपेची जागा मात्र ०.८ च्या पुढं सरकली नाही. म्हणजे झडप खरीच घट्ट, आणि मसलमध्ये राखीव ताकद आहे. झडप खोटी घट्ट असती, म्हणजे नुसत्या कमी जोरामुळं कमी उघडत असती, तर जोर वाढल्यावर जागा वाढली असती. मी विचारलं, आणि मसलची ताकद निघाली नसती तर? म्हणाले तर निर्णय अवघड झाला असता, तरी लगेच नाही म्हणालो नसतो. फ्रान्समधला २००३ चा एक अभ्यास आहे १३६ पेशंटचा, त्यात ताकद शिल्लक असलेल्यांपैकी ऑपरेशनमध्ये गेले ५ टक्के आणि नसलेल्यांपैकी ३२ टक्के. तो आकडा जुना आहे, आता मांडीतून व्हॉल्व्ह बसवायची सोय आहे, पण फरक एवढा मोठा असतो म्हणून टेस्ट केली.

मांडीतून का नको हा प्रश्न सगळे विचारतात. टावी म्हणतात त्याला, २००२ साली फ्रान्समध्येच रुआँ गावात डॉ. क्रिबिए यांनी पहिल्यांदा केलं, छाती उघडावी लागत नाही. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात सर्जननी हात वर केलेले पेशंट घेतले होते, बहुतेक ऐंशीच्या पुढचे, त्यात गोळ्या वगैरे नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षभरात गेले आणि टावी केलेल्यांपैकी ३०.७ टक्के. म्हणजे झडप मोकळी करण्यात काय फरक पडतो ते या दोन आकड्यांत दिसतं. पण माझं वय कमी, झडप दोन पाकळ्यांची, आणि टावीचा व्हॉल्व्ह टिश्यूचा, म्हणजे जनावराच्या आवरणापासून केलेला असतो, तो पुढं कधीतरी झिजणार. शिवाय पैसे, टावीचा खर्च आमच्या आवाक्यातलाच नव्हता. सर्जन म्हणाले तुमच्या वयाला ओपन, म्हणजे छाती उघडून, आणि मेकॅनिकल, म्हणजे धातूचा व्हॉल्व्ह. धोका किती विचारल्यावर शंभरात पाच ते आठ म्हणाले, पंपिंग चांगलं असतं तर एक-दोन म्हणालो असतो. आणि काहीच केलं नाही तर? त्यावर त्यांनी दोन बोटं दाखवली. वर्षं.

अँजिओग्राफी मनगटातनं झाली, नळ्या स्वच्छ निघाल्या, हे मोठं काम झालं कारण ब्लॉकेज असतील तर बायपास पण सोबत करावी लागते आणि कमी पंपिंगमध्ये त्याचा पुढच्या आयुष्यावरही फरक पडतो. मग दातांच्या डॉक्टरकडं पाठवलं, किडलेली दाढ काढायला. मला कळेना हार्टचा आणि दाढेचा काय संबंध. तोंडातले जंतू रक्तातनं जाऊन नव्या व्हॉल्व्हवर बसू शकतात, म्हणून आधीच साफसफाई. आताही दाताचं काही काम असलं की आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं.

पैशाचं सांगतो. आमचं केशरी रेशनकार्ड, महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसलं. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणून खिडकी असते, तिथं रेशनकार्ड, आधार, इको, अँजिओ सगळं द्यायचं, ते वर पाठवतात, मंजुरी आली की तारीख. कागदावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं, माझ्या वडलांच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडं, त्यात जो वेळ गेला त्यात माझं पंपिंग अजून दोन टक्क्यांनी उतरलं असेल असं मी म्हणायचो. कागद आधी जुळवून ठेवा, एवढंच.

व्हॉल्व्ह चित्रा नावाचा बसवला. हा आपला भारतीय आहे, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. वलियाथन यांच्या टीमनं कित्येक वर्षं खपून बनवला आणि १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवला. धातूच्या रिंगणात एक तबकडी कलंडते आणि मिटते. परदेशी व्हॉल्व्ह घ्यायचा का असं एका नातेवाइकांनी विचारलं, जणू टीव्ही घ्यायचाय. सर्जन म्हणाले मी लाखाच्या घरात पेशंटना बसलेल्या व्हॉल्व्हबद्दल काय काळजी करू.

ऑपरेशनचं मला काय आठवणार. छातीचं मधलं हाड कापतात, रक्त हार्ट-लंग मशीनवर घेतात, पोटॅशियमचं थंड द्रावण देऊन हार्ट थांबवतात, जुनी झडप कातरून काढतात, कॅल्शियम खरवडतात, नवीन शिवतात. आयसीयूत शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती आणि बोलता येत नव्हतं, हात बांधलेले, ती रात्र मला कुणाच्या वाट्याला येऊ नये असं वाटतं, पण नळी निघाली आणि पहिला चमचा पाणी मिळालं ते पाणी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं. फुफ्फुसाच्या व्यायामाला तीन छोट्या चेंडूंचं फुंकायचं, नव्हे ओढायचं, यंत्र देतात, सगळे त्याला फुंकतातच आणि नर्स ओरडते. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, नाहीतर डोळ्यापुढं तारे.

मधेच एका संध्याकाळी ठोके एकदम वेडेवाकडे पळायला लागले, मॉनिटर बोंबलायला लागला, घरच्यांना बाहेर काढलं. एट्रियल फिब्रिलेशन. व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर दहातल्या तीन-चार जणांना होतंच म्हणे, अमिओडॅरोनची ड्रिप लावली, दुसऱ्या दिवसापर्यंत लायनीवर आलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बायकोनं त्या रात्री देव पाण्यात घातले नसते.

डिस्चार्जच्या आधीचा इको. मी अगदी वाट बघत होतो, झडप नवी, कॉक उघडला, आता बघा. पंपिंग २८. ३० वरून २८! माझा चेहरा बघून इको करणाऱ्या मॅडमच म्हणाल्या, आजोबा आत्ता आकडा बघूच नका (५६ व्या वर्षी आजोबा, ते जास्त लागलं). तासभर बंद ठेवलेलं हार्ट सुन्न असतं, आणि छाती उघडल्यानंतर हार्टचा मधला पडदा बरेच दिवस उलटा हलल्यासारखा दिसतो, त्यानं टक्का अजून कमी भरतो. शिवाय या आकड्यात माप घेणाऱ्यानुसार पाच-दहाचा फरक पडतोच. म्हणून तेव्हापासून मी इको शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मॅडमकडं करतो, आणि पाच टक्क्यांचं सुख-दुःख मानत नाही.

त्या आकड्यापेक्षा मला वेगळीच गोष्ट दिसत होती. घरी आल्यावर मी एका उशीवर आडवा झोपलो. खोकला नाही. पंपिंग २८ असून झोप आली, कारण पुढचा अडथळा गेला होता, त्याच कमजोर मसलला तेवढंच रक्त ढकलायला आता बरीच कमी मेहनत होती. हाड जुळेपर्यंत तीनेक महिने स्कूटर बंद, जड उचलायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही. आंघोळीचा तांब्या उचलायला पण बायको उभी राहायची, तिला सांगून थकलो की तांब्यात दोन किलो पाणी मावत नाही.

तीन महिन्यांनी ४१. वर्षानं ५०, कप्पाही आत आला. डॉक्टर म्हणाले पहिल्या काही महिन्यांत जी उडी बसते ती ओझं उतरल्याची, नंतर हळूहळू जे होतं ते जाड झालेला मसल पातळ व्हायचं, त्याला वर्षं लागतात. सगळ्यांचं एवढं भरून येत नाही. माझ्याच वॉर्डात शेजारी एक गुरुजी होते, त्यांचं ३२ वरून ३६ ला जाऊन थांबलं. मसलमध्ये आधीच चट्टे पडलेले असतील, मांसाच्या जागी दोरखंड झालेला असेल, तर झडप नवी आली तरी तो भाग परत आकुंचन पावत नाही. पण गुरुजी चालतात, फिरतात, दम कमी आहे, आणि फोनवर माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९९७ मध्ये ३५ किंवा कमी पंपिंगवर हेच ऑपरेशन केलेल्या १५४ पेशंटचा हिशोब छापलाय, महिन्याभरात ९ टक्के गेले, राहिलेल्यांत बहुतेकांचं पंपिंग वाढलं. नऊ टक्के थोडे नाहीत हे मला मान्य आहे. पण समोर दोन बोटं होती.

म्हणून पाहुण्यांच्या घरच्यांना मी म्हणतो की इतर कितीतरी आजारांत पंपिंग कमी असलं की ऑपरेशनला थांबतात ते ठीक असेल, इथं पंपिंग कमी झालंय हेच ऑपरेशनचं कारण आहे. डॉक्टरांच्या नियमावलीतच आहे, झडप सिव्हिअर आणि पंपिंग ५० च्या खाली, तर पेशंटला काही त्रास नसला तरी झडप बदला. ३५ वरून २० ला जायची वाट बघून काय मिळणार. फक्त स्ट्रेस इको झालाय का ते विचारा, ग्रेडियंट कमी असेल तर हमखास विचारा.

गोळ्या सुटल्या नाहीत. मेटोप्रोलॉल आणि अजून दोन मसलसाठी, आणि मेकॅनिकल व्हॉल्व्ह असल्यामुळं अॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, रोज संध्याकाळी ठरल्या वेळी. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा पीटी-आयएनआर तपासत राहायचा, माझा सुरुवातीला अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा होता, पंपिंग कमी असलं की गुठळीचा धोका जास्त म्हणून. लोक सांगतात पालेभाजी बंद, तसं नाही, मेथी-पालक खायची पण दर आठवड्याला साधारण सारखी, एक आठवडा रोज शेपू आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही असं नको. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधनं डायक्लोफेनॅक नको, दवाखान्यात कंबरेत इंजेक्शन नको, आधी सांगायचं मला मेटलचा व्हॉल्व्ह आहे. कुणाचा काढा, कुणाचं चूर्ण, हात जोडून नाही म्हणायचं. आमच्या मेव्हण्यांना राग आलाय त्याचा, असू दे.

आवाज येतो का म्हणून लहान पोरं छातीला कान लावतात. येतो, शांत असलं की हलकासा टकटक, मला आता ऐकू येत नाही, बायकोला येतो आणि तिला तो आला नाही तर झोप लागत नाही.

अजून एक राहिलं. दोन पाकळ्यांची झडप घरात चालत येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांचा आणि पोरांचा इको करायला सांगितला. पोरगीचा नॉर्मल. धाकट्या भावाला घेऊन जायला नाकी नऊ आले, मला काय धाड भरलीय म्हणायचा. त्याची झडप निघाली दोनच पाकळ्यांची, अडथळा अगदी थोडा, पंपिंग ६२, महाधमनी जरा रुंद. डॉक्टर म्हणाले काही करायचं नाही, बीपी सांभाळा आणि वर्षातनं एकदा इको. तो बाहेर येऊन म्हणतो, ६२ च? बाकीचे ३८ कुठं गेले?